सशस्त्र नागरिक जुलमी सरकार उलथवू शकतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर वाद पेटला की पाचव्या मिनिटाला एक जण व्हिएतनामचं नाव काढतो आणि दुसरा रणगाड्यांचं. दोघांचंही म्हणणं अर्धवटच असतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली घेतले आहेत. सगळ्यांना सारखी जागा दिलेली नाही, कारण सगळ्यांत सारखा दम नाही.

मूळ दावा नेमका काय आहे?

हा युक्तिवाद सगळ्यात जोरात ऐकू येतो तो अमेरिकेत. तिथल्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ साली संमत झाली. तिच्यात शस्त्र बाळगण्याच्या हक्काबरोबर 'सुव्यवस्थित मिलिशिया'चाही, म्हणजे सामान्य नागरिकांतून उभ्या केलेल्या फौजेचाही, उल्लेख आहे. त्याआधी, १७८८ मध्ये, त्या राज्यघटनेचे एक शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी एक हिशेब मांडला होता. केंद्र सरकारला फार तर पंचवीस-तीस हजारांचं खडं सैन्य पोसता येईल आणि त्याच्यासमोर जवळपास पाच लाखांची मिलिशिया उभी राहील. मग केंद्राची दंडेली चालणार कशी?

आज हा हिशेब सांगताना त्याचा अर्धा भाग बहुतेक जण गाळतात. मॅडिसन यांच्या डोळ्यांसमोरचे ते पाच लाख लोक घरातली बंदूक उचलून एकेकटे निघणारे नव्हते. त्यांच्यावर नेमलेले अधिकारी असणार होते आणि पाठीशी राज्य सरकारं असणार होती. थोडक्यात, एका सरकारसमोर बाकीची सरकारं, असा तो सामना होता.

आढेवेढे नकोत. जिंकता येतं की नाही?

येतं. पण निव्वळ घरच्या बंदुकांच्या जोरावर जिंकल्याचं उदाहरण शोधायला गेलं तर हाताला फारसं लागत नाही. बंडखोर जिथे जिंकले तिथे तीनपैकी निदान एक गोष्ट होती: सरकारचं सैन्य फुटलं, बाहेरच्या कुणी रसद आणि आसरा दिला, किंवा समोरचा शत्रू परका होता आणि त्याला परत जायला स्वतःचा देश होता. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची. तिच्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पण अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध तर शेतकऱ्यांनीच जिंकलं ना?

सुरुवात त्यांनी केली, यात वाद नाही. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्झिंग्टन आणि कॉन्कर्डहून परतणाऱ्या ब्रिटिश तुकडीला मिलिशियाने बॉस्टनपर्यंत पळता भुई थोडी केली. पण पुढच्याच वर्षी खुद्द सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन काँग्रेसला, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधिसभेला, कळवत होते की मिलिशियावर विसंबणं म्हणजे मोडक्या काठीवर भार टाकणं. मुदत संपली की माणसं घरी निघून जात. मग पगारी, कवायती सैन्य उभं करावं लागलं. दारूगोळा मोठ्या प्रमाणात परदेशातून येत होता. १७८१ ला यॉर्कटाउनच्या निर्णायक वेढ्यात फ्रेंच फौज खांद्याला खांदा लावून लढत होती आणि समुद्राकडची वाट फ्रेंच आरमाराने अडवली होती. ते आरमार नसतं तर ब्रिटिश सेनापती जहाजांतून निसटला असता.

खरी गंमत नंतरची आहे. १७८६-८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधले कर्जात बुडालेले शेतकरी, त्यांत युद्धातले कितीतरी जुने सैनिक, डॅनियल शेज यांच्या नेतृत्वाखाली उठले. जानेवारीत ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. राखणीला असलेल्या मिलिशियाने तोफा डागल्या, चार जण मेले आणि बाकीच्यांची पांगापांग झाली. पुढे १७९४ मध्ये पेन्सिल्वेनियाच्या पश्चिम भागात दारूवरच्या करावरून बंड झालं, तेव्हा राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे तेरा हजारांची मिलिशिया घेऊन निघाले. बंडखोर लढाईला उभेच राहिले नाहीत. दोन्ही वेळा सशस्त्र नागरिकांना सशस्त्र नागरिकांनीच मोडून काढलं. बंदूकधारी समाजात बंदुका सरकारच्या बाजूनेही असतात, ही साधी गोष्ट या वादात कायम निसटते.

व्हिएतनाम आणि अफगाणिस्तानात महासत्ता हरल्या, त्याचं काय?

हरल्या, पण कशा, ते बघायला हवं. व्हिएतकाँगच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनाममधल्या कम्युनिस्ट बंडखोरांच्या, मागे उत्तर व्हिएतनामचं अख्खं राज्य होतं आणि त्याच्या मागे सोव्हिएत संघ आणि चीन. १९७५ मध्ये दक्षिणेच्या राजधानीचं शहर सायगाव पडलं ते उत्तरेच्या नियमित सैन्यापुढे. अध्यक्षांच्या प्रासादाचं फाटक तोडून आत शिरला तो रणगाडा होता. सोव्हिएत फौजेशी लढणाऱ्या अफगाण मुजाहिदीनांना पाकिस्तानात तळ मिळाले आणि १९८६ पासून अमेरिकेची विमानं पाडणारी स्टिंगर क्षेपणास्त्रं.

शिवाय परकी फौज कंटाळते. तिच्या देशात निवडणुका असतात, शवपेट्या घरी येतात, खर्चावर ओरड होते. एक दिवस ती गाशा गुंडाळून जाते आणि तिचं राज्य तिच्या देशात शाबूत राहतं. स्वतःच्याच जनतेवर बसलेल्या हुकूमशहाला ही सोय नसते. गादी गेली तर बहुतेकदा जीवही जातो, निदान तुरुंग तरी ठरलेला. म्हणून तो व्हिएतनाममधल्या अमेरिकेपेक्षा जास्त काळ आणि जास्त निर्दयपणे लढतो.

रणगाडे आणि ड्रोनपुढे रायफल काय करणार?

लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त. लढाऊ विमानाला चौकात उभं राहून ओळखपत्रं तपासता येत नाहीत, की दारोदार जाऊन कर वसूल करता येत नाही. त्यासाठी हाडामांसाची माणसं लागतात आणि माणसाला गोळी लागते.

मात्र यात एक गृहीत दडलेलं आहे: सरकारला ते शहर शाबूत हवंय. ते नेहमी खरं नसतं. १९८२ मध्ये सीरियातल्या हमा शहरात बंड झालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष हाफेज अल-असद यांच्या फौजेने वस्त्याच्या वस्त्या जमीनदोस्त केल्या. ज्या राजवटीचा खजिना तेलावर किंवा खाणींवर भरतो, तिला जनतेच्या करांची आणि श्रमांची फारशी गरजच पडत नाही. अशी राजवट जास्त बिनधास्त असते.

आणि बंडखोर मरतो तो रणगाड्यापेक्षा खबऱ्यामुळे जास्त. आज खबऱ्याचं निम्मं काम फोनच करतो.

घरोघरी बंदुका असल्या तर हुकूमशहा टिकतच नाही, असं म्हणतात. खरं?

सद्दाम हुसेन यांच्या इराकमध्ये खासगी बंदुकांचा सुकाळ होता. तरी ते चोवीस वर्षं टिकले, आणि शेवटी त्यांना हटवलं ते परक्या सैन्याने.

मधे १९९१ चा मार्च येतो, आणि तो नीट बघण्यासारखा आहे. कुवेतमधून पराभूत होऊन परतलेल्या सैनिकांनी बसऱ्यात ठिणगी टाकली आणि बघता बघता देशाच्या अठरापैकी चौदा प्रांतांतून सरकारचा ताबा सुटला. युद्धबंदीच्या अटींत इराकी हेलिकॉप्टरांना उड्डाणाची मुभा राहिली होती. त्याच हेलिकॉप्टरांनी दक्षिणेतल्या शिया बंडखोरांना चिरडलं. उत्तरेत कुर्दांचीही तीच गत होऊ लागली. लाखो लोक बर्फातून डोंगर चढून तुर्कस्तान आणि इराणच्या सीमेकडे पळाले. पण तिथे अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने सुरक्षित पट्टा आखून वर विमानांचा पहारा ठेवला, आणि कुर्दांची स्वायत्तता तिथून उभी राहिली. देश एकच, राजवट एकच, महिना एकच. उत्तरेला छत मिळालं, दक्षिणेला मिळालं नाही.

हुकूमशहा आधी लोकांच्या बंदुका काढून घेतात ना? हिटलरने तेच केलं.

अर्धसत्य आहे. जर्मनीतला कडक परवाना कायदा १९२८ चा, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या आधीचा. नाझींनी मार्च १९३८ च्या कायद्याने बहुसंख्य जर्मनांसाठी नियम उलट सैल केले. बंदी आली ती ज्यूंवर, त्याच वर्षी नोव्हेंबरात. म्हणजे राजवटीला बंदूकधारी जनतेची भीती नव्हती, कारण ती जनता मोठ्या प्रमाणात तिच्या मागे होती. देशाच्या लोकसंख्येत एक टक्काही नसलेल्या ज्यूंच्या हाती पिस्तुलं राहिली असती तर शेजाऱ्यांसकट अख्ख्या राज्ययंत्रणेपुढे त्यांचा टिकाव लागला असता, हे पटवून घेणं अवघड आहे.

मग वॉर्सा घेट्टोतला उठाव व्यर्थ होता का?

नाही, आणि तो या वादात कुणीही आपापल्या सोयीने वापरू नये असं मला वाटतं. पोलंडमधल्या वॉर्साच्या या वस्तीत नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं. १९ एप्रिल १९४३ ला जर्मन तुकड्या उरलेल्यांची शेवटची उचलबांगडी करायला आत शिरल्या, तेव्हा काही शे तरुण-तरुणी पिस्तुलं, हातबॉम्ब आणि पेट्रोलच्या बाटल्या घेऊन समोर उभे राहिले. जर्मनांना एकेक इमारत पेटवत पुढे सरकावं लागलं. काम आटोपायला जवळपास महिना गेला. ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेलेल्यांचं काय झालं हे लढणाऱ्यांना माहीत होतं. जिंकण्याची आशा त्यांना नव्हतीच. मरण कसं यावं, एवढंच ठरवायचं उरलं होतं. त्यावरून एखाद्या देशात बंदुकीचा परवाना कुणाला द्यावा हे ठरवणं म्हणजे त्यांच्या मरणाचा गैरवापर आहे.

सशस्त्र नागरिक लोकशाहीच्याच बाजूने उभे राहतील कशावरून?

या यादीतला सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात अडचणीचा प्रश्न. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात गोरे आणि कृष्णवर्णीय यांचं मिळून निवडून आलेलं नगर सरकार होतं. १० नोव्हेंबर १८९८ रोजी सशस्त्र गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांचं वृत्तपत्र जाळलं, रस्त्यांवर माणसं मारली आणि महापौरासकट नगरसेवकांना बंदुकीच्या धाकाने राजीनामे द्यायला लावले. केंद्र सरकार हललं नाही. सशस्त्र नागरिकांनी सरकार उलथवून पचवल्याचं अमेरिकेतलं हे ठसठशीत उदाहरण. जमावातल्या प्रत्येकाला आपण जुलमी राजवटीशीच लढतोय असं वाटत होतं.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या अथेन्सचं उदाहरण तर यशस्वी आहे?

आहे, आणि ते फेटाळून लावण्यात अर्थ नाही. ऑगस्ट १९४६ मध्ये तिथल्या शेरीफच्या, म्हणजे परगण्याच्या पोलीसप्रमुखाच्या, टोळीने मतपेट्या उचलून तुरुंगात नेल्या. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी रात्रभर गोळीबार केला, शेवटी डायनामाइट फेकलं, आणि पहाटे टोळी शरण आली. मोजणी झाली, सैनिकांचा उमेदवार शेरीफ झाला.

दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. त्यांच्या रायफली घरच्या कमी, नॅशनल गार्ड या राखीव दलाच्या शस्त्रागारातून उचललेल्या जास्त. आणि लढाई एका परगण्यातल्या गुंड यंत्रणेशी होती. वरचं राज्य आणि केंद्र मधे पडलं नाही. पडलं असतं तर निकाल दुसरा लागला असता.

सैन्य फुटणं महत्त्वाचं म्हणता. ते फुटतं कधी?

इथे थोडं थांबू, कारण सगळ्याची किल्ली इथेच आहे.

कोणतंही सरकार स्वतः गोळी झाडत नाही. कुणीतरी वीस-बावीस वर्षांचा जवान झाडतो. फेब्रुवारी १९१७ मध्ये रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेत्रोग्रादला, वोलिन्स्की पलटणीने आदल्या दिवशी जमावावर गोळ्या झाडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा बाहेर पडायला नकार दिला, आणि संध्याकाळपर्यंत राजधानीतलं बहुतेक सैन्य उलटलं. तीनशे वर्षांचं रोमानोव्ह घराणं त्या आठवड्यात संपलं. रोमानियात डिसेंबर १९८९ मध्ये सैन्याने तिमिश्वारात गोळीबार केला होता. २२ तारखेला त्याच सैन्याने बाजू बदलली, तशी हुकूमशहा चाउशेस्कू यांना गच्चीवरून हेलिकॉप्टरने पळावं लागलं. रोमानियन जनतेच्या घरात बंदुका जवळजवळ नव्हत्याच.

हुकूमशहांनाही हे ठाऊक असतं. १९८९ मध्ये बीजिंगला ३८व्या सैन्याचे सेनापती शू छिनशिएन यांनी विद्यार्थ्यांवर चाल करायला नकार दिला. त्यांना पाच वर्षं तुरुंगात टाकलं, आणि कारवाई दुसरे अधिकारी व बाहेरून आणलेल्या तुकड्यांकडून उरकून घेतली.

दक्षिण कोरियाच्या इतिहासात तर हा प्रयोग दोन्ही बाजूंनी झालेला दिसतो. मे १९८० मध्ये ग्वांग्जूत छत्रीधारी सैनिकांनी विद्यार्थ्यांना रस्त्यात झोडपलं. २१ तारखेला प्रांत कार्यालयासमोर जमावावर गोळ्या झाडल्या. संतापलेल्या लोकांनी आसपासच्या गावांतली पोलीस ठाणी आणि राखीव दलाची शस्त्रागारं फोडून रायफली आणल्या, आणि खरोखरच सैन्य शहराबाहेर गेलं. पाच दिवस शहर लोकांनी चालवलं. नागरिकांची समिती बंदुका गोळा करत होती, वाटाघाटींचे निरोप पाठवत होती. जखमींसाठी रक्त द्यायला रांगा लागल्या होत्या. २७ तारखेच्या पहाटे रणगाड्यांसह सैन्य परत आलं. प्रांत कार्यालयात शेवटपर्यंत थांबलेले तरुण सूर्योदयाच्या आधीच मारले किंवा पकडले गेले होते. सैन्याला तो आदेश पाळणं अवघड गेलं नाही, कारण समोर आता 'सशस्त्र बंडखोर' होते.

मग ३ डिसेंबर २०२४ ची रात्र. राष्ट्राध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला, विशेष दलं हेलिकॉप्टरने संसदेच्या आवारात उतरली. आतल्या कर्मचाऱ्यांनी खुर्च्या-टेबलांचे ढिगारे रचून दारं अडवली आणि आग विझवण्याच्या नळकांड्यांतून फवारे मारले. खासदार कुंपणावरून उड्या मारून आत शिरले. १९० जणांनी एकमताने लष्करी कायदा उठवण्याचा ठराव केला. बाहेर नुसत्या हातांनी गर्दी उभी होती. जवानांच्या हाती बंदुका होत्या, पण चाप कुणी ओढला नाही. एक जवान लोकांपुढे वाकून माफी मागत निघून गेल्याचं चित्रफितीत दिसलं. गर्दीतून एक जरी गोळी सुटली असती तर त्या रात्रीचं काय झालं असतं, याचा विचार बंदुकीच्या समर्थकांनी जरूर करावा. आणि अहिंसेच्या समर्थकांनीही हे विसरू नये की त्या गर्दीच्या मनात ग्वांग्जू होतं. तिथली माणसं हरली, पण १९८७ चं लोकशाहीसाठीचं आंदोलन आणि थेट निवडणुका त्यांच्याच आठवणीवर पोसल्या गेल्या.

निःशस्त्र आंदोलनं जास्त यशस्वी होतात, हे आकड्यांनी सिद्ध झालंय का?

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या संशोधकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमांचं यश ५३ टक्के, सशस्त्र मोहिमांचं २६ टक्के निघालं. कारणं पटण्यासारखी आहेत: बंडात तरणे पुरुष जातात, हरताळात आजीबाईही येतात, आणि समोरच्या जवानालाही बाजू बदलायला वाव राहतो.

पण हे आकडे हत्यारासारखे वापरू नयेत. लोक बंदूक बहुधा तिथेच उचलतात जिथे बाकीचे सगळे रस्ते बंद झालेले असतात, म्हणजे सशस्त्र मोहिमांच्या वाट्याला मुळातच अवघड गणितं येतात. शिवाय अलीकडच्या वर्षांत अहिंसक आंदोलनांचं यशही घसरलंय. राजवटी शिकल्या आहेत.

म्यानमारमध्ये तर साधे लोकच लढतायत ना?

हो, आणि ते सुरुवातीला रस्त्यावर भांडी वाजवत होते. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर शांत निदर्शनांवर गोळ्या झाडल्या गेल्या, सैन्य फुटलं नाही, मग पोरं जंगलात गेली. म्यानमारच्याच चिन राज्यातल्या मिंदातमध्ये लोक शिकारीच्या एकेक गोळी भरायच्या हातबनावटीच्या बंदुकांनी लढले. काही आठवड्यांत शहर लष्कराने घेतलं. चित्र पालटलं ते ऑक्टोबर २०२३ पासून, जेव्हा वर्षानुवर्षं स्वतःचा प्रदेश, कर आणि शस्त्रं राखून असलेल्या वांशिक फौजांनी उत्तरेत एकत्र हल्ला केला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी लाशियो शहर आणि तिथलं लष्करी मुख्यालयही घेतलं. पुढच्या वर्षी चीनने दबाव आणला आणि ते लष्कराला परत द्यावं लागलं. मैदानात कमावलेलं शेजाऱ्याच्या एका इशाऱ्यावर सोडावं लागतं, हा बंडाचा कमी बोलला जाणारा भाग.

निदान धाक तरी राहतो ना?

काही प्रमाणात राहत असावा. जो जुलूम झालाच नाही त्याची मोजदाद कशी करणार? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात गुरांच्या चराईवरून सशस्त्र लोक जमले आणि केंद्रीय अधिकारी जप्त केलेली गुरं सोडून मागे सरले. ते सरले कारण रक्तपाताची त्यांना लाज आणि भीती होती. अशी लाज असलेल्या सरकारवर बंदुकीचा धाक चालतो. बेशरम सरकारवर चालेल का, हा खरा प्रश्न आहे, आणि हमाचं उत्तर वर दिलंय.

कायदा असा हक्क देतो का?

जर्मनीच्या राज्यघटनेत देतो: १९६८ मध्ये विसाव्या कलमात प्रतिकाराचा हक्क घातला गेला, दुसरा कोणताही उपाय उरला नसेल तरच. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये शस्त्राचा वैयक्तिक हक्क मान्य केला तो मुख्यतः घरातल्या स्वसंरक्षणासाठी. सरकारविरुद्ध बंड हा तिथेही गुन्हाच आहे. तसंही, जिंकलेल्यांवर खटला कोण भरणार?

आणि जिंकल्यावर त्या बंदुकांचं काय होतं?

क्यूबात हुकूमशहा बातिस्ता १ जानेवारी १९५९ ला पळाले. आठवड्याभरातच हवानातल्या सभेत फिडेल कॅस्ट्रो दुसऱ्या एका क्रांतिकारक गटाला विचारत होते, आता शस्त्रं कशाला हवीत? थोड्याच काळात शस्त्रं एकाच हातात राहिली, आणि सत्ताही.

लिबियात उलटं झालं. २०११ मध्ये नाटोच्या विमानांच्या छायेत गद्दाफी पडले, पण टोळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या नाहीत. नव्या सरकारने त्यांना सरकारी पगार सुरू केला, तशी 'क्रांतिकारकां'ची संख्या प्रत्यक्ष लढलेल्यांच्या कितीतरी पटींनी वाढली. ऑक्टोबर २०१३ मध्ये पंतप्रधान अली झैदान यांना त्रिपोलीतल्या हॉटेलातून पहाटे उचलून नेलं आणि काही तासांनी सोडलं. उचलणारी टोळी सरकारशीच संलग्न होती.